धूळ ओली व्हायच्या आत उचला: नाशिकच्या घरांतल्या फरशीची निगा

सकाळी नऊला पुसलेली फरशी दुपारी दोनला अनवाणी पायांना खरखरीत लागते. खिडकीतून उन्हाची तिरीप आली की तिच्यावर फडक्याचे अर्धगोल फराटे दिसतात. मग बादलीत लिक्विड थोडं जास्त पडतं, नाहीतर दिवसातून दोनदा पुसणं सुरू होतं. त्यानं फरक पडत नाही, कारण चूक पुसण्यात नसून त्याच्या आधीच्या कामात असते.

फरशीवर राहिलेल्या कोरड्या धुळीला पाणी लागलं की तिचा पातळ चिखल होतो. फडकं त्यातला थोडा उचलतं आणि बाकीचा सगळ्या खोलीभर सारखा पसरवतं. तो सुकला की डोळ्यांना न दिसणारा थर उरतो. त्यावर साबणाचा अंश आणि पाण्यातले क्षार बसतात, आणि अशा चिकट थरावर नवी धूळ आणखी लवकर धरते. म्हणून क्रम असा हवा: धूळ दारात अडवायची, आत आलेली कोरडीच उचलायची आणि सगळ्यात शेवटी पाणी घ्यायचं. मेहनतीचे तीन भाग केले, तर दोन भाग कोरड्या कामावर खर्च करा.

नाशिकची धूळ कशाची असते

शहराभोवती काळी माती आहे आणि तिच्याखाली बेसॉल्टचा काळा खडक. काळ्या मातीतली चिकणमाती फार बारीक असते. भिजली की फुगते आणि चिकटते, सुकली की तिचा भुगा होऊन वाऱ्यावर उडतो. पाथर्डी फाटा, गंगापूर रोड, म्हसरूळ अशा वाढत्या भागांत तिच्यात बांधकामाची भर पडते. क्रशरची कच, सिमेंट, प्लास्टरचा भुगा, त्यात सिंहस्थाच्या तयारीत उकरलेले रस्ते. जुन्या नाशकातल्या आणि पंचवटीतल्या घरांत भिंतींचं सुटलेलं पोपडं आणि माळ्यावरची माती हेही तितकंच मोठं कारण असतं.

ही धूळ मऊ नसते. मोहसच्या मापात बेसॉल्टमधल्या मुख्य खनिजांचं काठिण्य साधारण ५ ते ६ भरतं आणि वाळूतल्या क्वार्ट्झचं ७. कोटा, शहाबादी आणि संगमरवर मात्र ३ च्या आसपास आहेत. म्हणजे चपलेखाली किंवा फडक्याखाली सापडलेला एक खडा दगडी फरशीवर चक्क पॉलिशपेपरसारखा चालतो. दारापासून सोफ्यापर्यंतच्या वाटेवरची फरशी आधी मंद होते आणि पलंगाखालची वर्षानुवर्षं चकाकते, त्याचं कारण हेच.

दारातच अडवा

दाराबाहेर काथ्याचं जाड पायपुसणं आणि आत सुती, अशी दोन लागतात. बाहेरचं खडे खरवडतं, आतलं बारीक माती आणि ओल टिपतं. आकार महत्त्वाचा आहे. दीड फुटाच्या पायपुसण्यावर एकच पाय पडतो आणि दुसरा सरळ घरात येतो. बाहेर-आत मिळून चार पावलं तरी पडतील एवढी लांबी ठेवा.

पायपुसणं भरलं की ते धूळ थांबवत नाही, उलट येणाऱ्याच्या पायाला लावून आत पाठवतं. आठवड्यातून दोनदा ते खाली नेऊन कठड्यावर आपटा. गॅलरीत झटकलं तर तीच धूळ अर्ध्या तासात खिडकीतून परत येते, आणि खालच्या मजल्यावरच्यांचे वाळत घातलेले कपडेही खराब होतात. सुती पायपुसणं आठवड्याला धुवा. रबरी तळाचं असेल तर रोज उचलून खालची फरशी कोरडी होऊ द्या. रबराखाली ओल कोंडली की दगडावर पिवळट डाग धरतो आणि तो सहज जात नाही.

चपलांचा रॅक बाहेर ठेवता येत नसेल, तर दाराच्या लगेच आत ठेवा आणि त्याच्या तळाशी वर्तमानपत्र अंथरा. कागद गुंडाळून टाकला की माती त्याच्याबरोबर जाते.

उरलेली धूळ खिडक्यांतून येते. फेब्रुवारी ते मे या महिन्यांत दुपारी वारा सुटतो, तेव्हा रस्त्याच्या बाजूच्या खिडक्या साधारण बारा ते सहा बंद ठेवाव्यात आणि सकाळी लवकर व रात्री उघडाव्यात. स्लायडिंग खिडकीची खाच हे धुळीचं कोठारच असतं. जुन्या रंगाच्या ब्रशनं ती महिन्यातून दोनदा कोरडी साफ करा आणि ओलं फडकं मग फिरवा. थेट पाणी ओतलं तर खाचेत गाळ घट्ट बसतो आणि पावसाचं पाणी बाहेर जायची बारीक भोकं बुजतात. मग पहिल्याच जोराच्या सरीत पाणी आत, भिंतीवर.

आपली फरशी कोणती, ते आधी ओळखा

एकाच घरात हॉलमध्ये व्हिट्रिफाइड, गॅलरीत कोटा आणि ओट्यावर ग्रॅनाइट असू शकतं, आणि तिघांना एकच औषध चालत नाही.

शहाबादी निळसर करडी किंवा काळपट असते, कोटा हिरवट, निळसर किंवा तपकिरी. दोन्ही चुनखडीचेच दगड. संगमरवरही त्याच कुळातला, म्हणजे मूळ पदार्थ कॅल्शियम कार्बोनेट. जुन्या कॉलन्या आणि बंगल्यांतल्या मोझॅक टाइल्समध्ये संगमरवराचे तुकडे सिमेंटमध्ये बसवलेले असतात. या चारही फरश्यांना आम्ल खातं. लिंबू, व्हिनेगर, चिंचेचं पाणी, टॉयलेट क्लीनर, ‘ॲसिड’ म्हणून मिळणारी बाटली, यातलं काहीही पडलं की दगडाचा वरचा थर विरघळतो आणि तिथे पांढरट, मंद चट्टा उरतो. तो चट्टा म्हणजे मळ नाही, दगडाची झीज आहे. कितीही घासला तरी निघत नाही, पॉलिशच करावं लागतं.

दगड आहे की टाइल हे कळत नसेल, तर कपाटाखालच्या एखाद्या लपलेल्या फरशीवर लिंबाचा एक थेंब टाका आणि दोन मिनिटांनी पुसा. तिथली चमक गेली, तर घरभर आम्ल वर्ज्य. ही खूण कायमची राहते, म्हणून जागा विचार करून निवडा.

व्हिट्रिफाइड टाइल अर्धा टक्क्यापेक्षा कमी पाणी शोषते आणि सौम्य आम्लाला दाद देत नाही. तिचा दुबळा भाग म्हणजे सांधे. त्यांतला सिमेंटचा ग्राउट सच्छिद्र असतो, मळकं पाणी पितो आणि काळा पडतो. ग्रॅनाइट कठीण असलं तरी तेल शोषतं. लॅमिनेट लाकडाबद्दल एकच सांगायचं: त्याला ओलं फडकं नको, जेमतेम दमट हवं. सांध्यांत पाणी गेलं की पट्ट्यांच्या कडा फुगतात आणि परत बसत नाहीत.

केर काढण्याची रीत

पंखा बंद. वाऱ्याच्या बाजूची खिडकीही बंद. हे दोन्ही न करता केर काढणं म्हणजे धूळ फरशीवरून उचलून टीव्हीवर ठेवणं. झाडूनं उडालेले जाडसर कण काही मिनिटांत खाली बसतात, पण अगदी बारीक कण तासन्‌तास हवेत राहतात. त्यामुळे धूळ हवेत जाऊच न देणं हे अर्धं काम.

सुरुवात वरून. जळमटं, पंख्याची पाती, कपाटांचे माथे, खिडकीच्या खाचा आणि मग जमीन. पंख्याच्या पात्यावर उशीचा जुना अभ्रा चढवून तो ओढून घेतला की सगळी धूळ अभ्र्याच्या आत राहते. हे काम पंधरवड्यातून एकदा पुरतं. फर्निचरवर कोरडा झटकणा फिरवू नका, तो धूळ फक्त जागची हलवतो. पिळून घट्ट केलेलं सुती फडकं वापरा.

झाडू फरशीनुसार बदलतो. शिंदीच्या पानांची केरसुणी खडबडीत शहाबादीवर आणि अंगणात उत्तम चालते, कारण तिची टोकं खाचांत पोचतात. गुळगुळीत टाइलवर ती बारीक धूळ मागे सोडते. तिथे फुलझाडू हवा. खराटा घराबाहेरच बरा. लक्ष्मीपूजनाला आणलेली नवी केरसुणी पूजेनंतर आठ दिवस शोभेला ठेवून मग वापरात घेतली, तर जुनी अंगणाला जाते, हे चक्र चांगलं आहे.

नव्या फुलझाडूचा भुसा महिनाभर घरभर पडत राहतो आणि लोक त्याला धूळ समजतात. आणल्याबरोबर तो घराबाहेर भिंतीवर आपटा, जुन्या मोठ्या दातांच्या कंगव्यानं वरून खाली विंचरा, साध्या पाण्यानं विसळा आणि दांडी वर, फुलं खाली असा एक-दोन दिवस सावलीत टांगा. बराचसा भुसा तिथेच निघून जातो.

झाडू मारताना टोकं फरशीवरून उठता कामा नयेत. हात लहान, ओढून घेणारे. शेवटी झटका द्यायचा नाही, कारण धूळ उडते ती त्या शेवटच्या झटक्यानं. खोलीच्या दूरच्या कोपऱ्यापासून दाराकडे या आणि प्रत्येक खोलीचा केर त्याच खोलीत केरभरणीत भरा. सगळ्या घराचा केर ढकलत मुख्य दारापर्यंत नेला, तर वाटेतल्या प्रत्येक सांध्यात तो थोडा थोडा मुरतो. केरभरणीच्या ओठाशी नेहमी एक बारीक रेघ उरते. तिच्यावर ओल्या वर्तमानपत्राचा बोळा दाबा, रेघ गायब होईल.

यानंतरची पायरी बहुतेक घरांत नसते, आणि सगळ्यात जास्त फरक तिच्यामुळे पडतो. झाडूनंतर मायक्रोफायबरचा कोरडा सपाट मॉप एकदा फिरवायचा. त्याचे तंतू झाडूच्या हातून सुटलेली पिठासारखी धूळ धरून ठेवतात. मॉप उचलायचा नाही, इंग्रजी ‘एस’च्या वळणानं सलग ओढत न्यायचा आणि शेवटी दाराबाहेर झटकायचा. तीन खोल्यांना पाच-सात मिनिटं लागतात. दिवेलागणीनंतर केर काढू नये असं मानणाऱ्या घरांतही संध्याकाळी हा मॉप फिरवता येतो, आणि दुसऱ्या दिवशीचं काम निम्म्यावर येतं.

पुसणं: दोन बादल्या, घट्ट पिळलेलं फडकं

एका बादलीत पुसायचं म्हणजे तिसऱ्या खोलीपासून पहिल्या दोन खोल्यांचं पाणी लावायचं. दोन घ्या. पहिलीत ५ लिटर पाणी आणि क्लीनर, दुसरीत फक्त ५ लिटर साधं पाणी, मळकं फडकं खळबळण्यासाठी.

१. फडकं पहिल्या बादलीत बुडवा आणि एकही थेंब पडणार नाही इतकं पिळा.

२. दूरच्या भिंतीपासून सुरू करून मागे मागे दाराकडे या. हात गोल फिरवू नका. अर्धगोलात धूळ कडेला साठते आणि फराटे तिथेच उमटतात.

३. दोन बाय दोनच्या बारा ते पंधरा टाइल्स झाल्या की थांबा. हातानं पुसत असाल तर फडकं आधीच चौपदरी करून ठेवा, म्हणजे एक बाजू मळली की दुसरी उलटता येते.

४. मळलेलं फडकं आधी दुसऱ्या बादलीत खळबळून पिळा आणि मगच पहिलीत घाला. हा क्रम चुकला, तर दोन बादल्यांचा काहीच उपयोग नाही.

५. दुसऱ्या बादलीचा तळ दिसेनासा झाला की पाणी बदला. दोन बेडरूमच्या घराला साधारण तीनदा बदलावं लागतं. म्हणजे सगळं मिळून पंचवीस लिटरच्या आसपास पाणी लागतं.

६. पुसून झालं की पंखा लावा.

पाणी योग्य होतं की नाही, हे घड्याळ सांगतं. पावसाळा सोडून इतर वेळी पंख्याखाली फरशी पाच-सात मिनिटांत कोरडी व्हायला हवी. दहापेक्षा जास्त लागत असतील, तर फडकं नीट पिळलं जात नाही. साचलेलं पाणी आधी सांध्यांत शिरतं आणि सुकताना मळ तिथेच ठेवून जातं.

घरी काम करणाऱ्या मावशींकडून हे होत असेल, तर दोन्ही बादल्या आणि पुरेसं पाणी आधी भरून ठेवणं हे घरच्यांचं काम. चार घरं करायची असताना बादली तीनदा बदलायला वेळ आणि नळ दोन्ही हवेत. उभ्यानं पुसायचा मॉप आणि रबरी हातमोजे द्या. रोज उकिडवं बसून गुडघे जातात, आणि फिनाइलच्या पाण्यानं बोटांची सालं निघतात.

पाण्यात काय घालावं, काय नाही

रोजच्यासाठी ५ लिटरला भांडी घासायच्या लिक्विडचा एक छोटा चमचा, म्हणजे ५ मिली, बस. दगडी फरशीलाही ते चालतं. बाजारातलं फ्लोअर क्लीनर वापरत असाल, तर बाटलीवरचं प्रमाण झाकणानं मोजून घ्या. वास आला म्हणजे पुरेसं झालं, या हिशेबानं ओतलं की तिप्पट पडतं. जास्तीचा साबण कोणी धुऊन काढत नाही, तो फरशीवरच सुकतो आणि पावलांचे ठसे धरतो. फिनाइलचं काम जंतू मारणं आणि वास घालवणं. मळ काढण्यात ते कमी पडतं, म्हणून ते आठवड्यातून एक-दोनदा पुरे, आणि संडास-बाथरूमच्या बाहेरच्या भागात खरी गरज.

मुंग्यांसाठी किंवा दृष्ट लागू नये म्हणून मूठभर खडे मीठ घालायची पद्धत आहे. खडे मीठ हवेतली ओल ओढतं, त्यामुळे पावसाळ्यात फरशी चिपचिपीत राहते. कोटा-शहाबादीच्या छिद्रांत मिठाचे स्फटिक तयार होऊन दगडाची पापुद्र्यासारखी खपली निघू शकते. घालायचंच असेल तर चिमूटभर, टाइलवर, आणि नंतर एकदा साध्या पाण्याचा हात. मोझॅक किंवा शहाबादी चकाकावी म्हणून पाण्यात रॉकेल घालणारी घरं अजून आहेत. ती चमक तेलाच्या पापुद्र्याची असते. दोन दिवसांत तिच्यावर धूळ चिकटते, पाय घसरतो, आणि घरात देव्हाऱ्यात दिवा जळत असतो. हे बंदच करायला हवं.

आणि एक गोष्ट ठामपणे: ब्लीच आणि टॉयलेट क्लीनर कधीही एकत्र करू नका. एकाच बादलीत नको, आणि एकामागून एक त्याच ओल्या जागेवरही नको. दोन्हीच्या मिश्रणातून क्लोरीन वायू निघतो. छोट्या बंद बाथरूममध्ये तो जिवावर बेतू शकतो. चुकून झालंच तर घासत बसू नका. बाहेर पडा, दार-खिडकी उघडी टाका.

नळाचं पाणी आणि बोअरचं पाणी

गंगापूर धरणाचं पाणी नळाला येतं तिथे हा प्रश्न फारसा नाही. ज्या सोसायट्यांत वापरायचं पाणी बोअरचं किंवा टँकरचं असतं, तिथे फरशी सुकल्यावर पांढुरकी दिसते. खडकातून आलेल्या पाण्यात कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार असतात. पाणी उडून जातं, क्षार मागे राहतात. साबणाची वडी किंवा कपड्यांची पावडर या पाण्यात फुटते आणि करडा साका तयार करते. उपाय सोपा आहे: पुसणं बोअरच्या पाण्यानं करा, पण शेवटचा साधा हात नळाच्या पाण्याचा द्या. गडद रंगाच्या चकचकीत टाइल्सवर तर तो आवश्यकच, आणि त्यावर लगेच एक कोरडा मॉप.

साचलेला थर उतरवायचा असेल तर

आधी खात्री करा. एकच टाइल निवडून ती कोमट पाण्यानं तीनदा पुसा, दर वेळी स्वच्छ फडकं घ्या आणि शेवटी कोरडी करा. शेजारच्या टाइलपेक्षा ती उजळली, तर फरशी खराब झालेली नाही, तिच्यावर फक्त थर आहे.

व्हिट्रिफाइड किंवा सिरॅमिक टाइल असेल तर ५ लिटर कोमट पाण्यात १०० मिली पांढरं व्हिनेगर घाला. एका वेळी चार-सहा टाइल्स ओल्या करा, तीन-चार मिनिटं थांबा, मायक्रोफायबरनं घासा आणि साध्या पाण्यानं दोनदा पुसून घ्या. सांध्यांत सिमेंटचा ग्राउट असल्यानं यापेक्षा जास्त वेळ व्हिनेगर ठेवू नका. वर्षातून एक-दोनदा पुरतं.

दगड किंवा मोझॅक असेल तर व्हिनेगर नाही. तिथे कोमट पाणी, ५ मिली लिक्विड, नायलॉनचा मऊ ब्रश आणि धीर. एका वेळी एक खोली, साध्या पाण्याचे तीन हात. एवढं करूनही चालण्याची वाट मंदच दिसत असेल, तर ती झीज आहे. तिथे मशिन पॉलिशच हवं, आणि ते करून घेतल्यावर दारातलं पायपुसणं बदललं नाही, तर पुन्हा तेच होतं.

काळे पडलेले सांधे: खायच्या सोड्याची दाट पेस्ट, दहा मिनिटं, जुना टूथब्रश, भरपूर पाणी. ॲसिड ओतल्यावर सांधा झटकन पांढरा दिसतो, कारण ग्राउटचा वरचा थरच विरघळून गेलेला असतो. उरलेला अधिक सच्छिद्र होतो आणि दोन महिन्यांत आणखी काळा पडतो.

स्वयंपाकघर, देव्हारा आणि रांगोळी

फोडणीचं तेल वाफेबरोबर वर जातं आणि फरशीवर बसतं, त्यावर धूळ चिकटते. गॅसच्या समोरचा तीन-चार फुटांचा पट्टा रोजच्या पुसण्यानं निघत नाही. आठवड्यातून एकदा त्याला हाताला सोसेल इतकं गरम पाणी, ५ लिटरला एक मोठा चमचा धुण्याचा सोडा आणि ५ मिली लिक्विड लावा. हातमोजे घाला. नंतर दोनदा साध्या पाण्यानं.

दगडावर तेल सांडलं तर घासू नका, आत मुरेल. आधी कागदानं टिपा. मग खायचा सोडा पाण्यात कालवून थालीपिठाच्या पिठाइतका घट्ट करा, डागावर बोटाच्या पेराच्या अर्ध्या जाडीचा थर द्या, वर प्लॅस्टिक चिकटवा आणि चोवीस तासांनी प्लॅस्टिक काढून थर पूर्ण सुकू द्या. सुकताना सोडा तेल वर ओढतो. जुन्या डागाला असं तीन-चारदा करावं लागतं.

हळदीच्या डागाला साबण लावला की तो लाल होतो. घाबरायचं कारण नाही, अल्कलीत हळदीचा रंग बदलतोच. धुऊन घ्या. उरलेली पिवळी झाक ऊन येत असेल तिथे आपोआप फिकट होत जाते. ऊन येत नसेल आणि फरशी फिकट रंगाची असेल, तर औषधाच्या दुकानातलं ६ टक्क्यांचं हायड्रोजन पेरॉक्साइड कापसावर घेऊन पंधरा मिनिटं ठेवा. कुंकू सांडलं तर पाण्याचा बोट लावू नका. आधी कोरड्या ब्रशनं कागदावर घ्या, चिकटपट्टीनं उरलेले कण उचला, मग ओलं फडकं.

रांगोळीचंही तसंच. पांढरी रांगोळी दगडाचीच भुकटी, ती निघते. रंगीत रांगोळीतला रंग ओल्या फडक्यानं विरघळतो आणि दगडाच्या छिद्रांत व सांध्यांत जाऊन बसतो. आधी मऊ झाडूनं, मग कोरड्या मॉपनं आणि शेवटी पाणी. कोटा-शहाबादीवर गेरू थेट लावू नका. गेरूचा लोहयुक्त रंग सच्छिद्र दगडातून पुरता निघत नाही. पाटावर किंवा जाड पुठ्ठ्यावर गेरू द्या आणि त्यावर रांगोळी काढा. पणत्यांखालीही छोटी ताटली ठेवा. दिवाळीनंतर अंगणभर दिसणारे काळे गोल डाग पणतीतून झिरपलेल्या तेलाचे असतात.

पावसाळा आणि बांधकामाची धूळ

जून ते सप्टेंबरमध्ये उलटा प्रश्न असतो. धूळ कमी, चिखल जास्त, आणि फरशी वाळत नाही. चिखलाचं पाऊल उमटलं की लगेच पुसायचा मोह आवरा. सुकू द्या, खरवडून झाडा, मग पुसा. ओला पुसला तर एका पावलाची पाच पावलं होतात. या महिन्यांत रोज ओलं पुसायची गरज नसते. एक दिवसाआड पुरतं, मधल्या दिवशी कोरडा मॉप. पुसलं की दहा-पंधरा मिनिटं पंखा, आणि म्हाताऱ्या माणसांना तोवर त्या खोलीत जाऊ देऊ नका.

घरात टाइल कापणं, भिंत फोडणं, पीओपी घासणं झालं असेल, तर पहिल्या दिवशी पाणी अजिबात नाही. सिमेंट आणि पीओपीची धूळ पाण्यानं घट्ट होते आणि टाइलवर करडा पापुद्रा जमतो. एन-९५ मास्क लावून आधी व्हॅक्यूम किंवा किंचित दमट लाकडी भुसा टाकून केर काढा. टाइल-ग्रॅनाइट कापल्याची धूळ फुप्फुसांना घातक असते, साधा रुमाल तिला अडवत नाही. असं कोरडं काम दोन दिवस लागोपाठ करा, कारण वर उडालेली धूळ रात्रभर बसत राहते. तिसऱ्या दिवशी पुसा.

व्हॅक्यूम आणि रोबो

व्हॅक्यूम घ्यायचा असेल तर मऊ केसांचं, कडक फरशीसाठीचं तोंड मिळतं का, ते आधी पाहा. गालिच्यासाठीचा फिरता ब्रश टाइलवर खडे मागे उडवतो. तो बंद करायचं बटण हवं. घरात दमा किंवा धुळीची ॲलर्जी असेल तर हेपा फिल्टर घ्या, नाहीतर बारीक धूळ मागच्या बाजूनं परत खोलीत येते. धुता येणारा फिल्टर धुतल्यावर पूर्ण चोवीस तास वाळवा. ओलसर फिल्टर बसवला की कुबट वास येतो आणि मोटर गुदमरते.

रोबो पलंगाखाली जातो, ही त्याची मोठी सोय. पण बहुतेक रोबो साधारण दोन सेंटीमीटरपेक्षा उंच उंबरठा ओलांडत नाहीत. जुन्या घरांत प्रत्येक खोलीला उंबरठा असतो, तिथे तो रोज उचलून ठेवावा लागेल. पुसणाऱ्या रोबोचं फडकं रोज धुवावं लागतं, तो स्वतः धूत नसेल तर.

साधनांची निगा

मळक्या मॉपनं फरशी स्वच्छ होत नाही, आणि घरातला ‘फरशीचा वास’ बहुधा मॉपचाच असतो. काम झाल्यावर लिक्विडच्या पाण्यात खळबळा, साध्या पाण्यात दोनदा काढा, पिळा आणि उन्हात टांगा. बादलीत तसाच ठेवलेला मॉप दुसऱ्या दिवशी कुबट असणारच. मायक्रोफायबर धुताना फॅब्रिक कंडिशनर वापरू नका, त्यानं तंतू बुळबुळीत होऊन धूळ धरत नाहीत. सुती कपड्यांबरोबरही धुऊ नका, कपड्यांची लव त्याला चिकटते. तंतू चपटे पडले किंवा फडकं पाणी ओढेनासं झालं की बदला. रोजच्या वापरात तीन-चार महिने जातात. झाडू फुलांवर उभा करून नाही, टांगून ठेवा. उभा ठेवलेला फुलझाडू एका बाजूला वाकतो आणि मग कोपऱ्यात पोचत नाही. बादल्या आठवड्यातून एकदा आतून घासून उन्हात पालथ्या घाला.